अंजिराआक्कांची लाँच

अंजिराआक्कांना पोहता येत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्याच लाँचमध्ये बसले होते आणि दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते.

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते, "आक्का, तुम्ही तर पट्टीच्या पोहणाऱ्या असाल." त्या सुकाणूच्या चाकापाशी उभ्या होत्या. पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "छ्या! मला कुठं पवाया येतंय?"

शेजारी दुधाच्या किटल्या घेऊन बसलेला माणूस गालात हसला. मी लाइफ-जाकिटाचा बंद गुपचूप घट्ट केला. आक्कांची माझ्याकडे पाठ होती, तरी त्यांना ते कळलं.

"भिऊ नगा बाई. ज्येला पवाया येतंय त्यो पान्याला भीत न्हाई. आन् जो भीत न्हाई त्येच्या हातात मानसं देऊ नये."

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या लाँचमधून ये-जा केली आणि त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला.

मी राहायला भोरात आणि मी शिकवायचे ती शाळा धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीत. भोरहून एसटीने काठापर्यंत यायचं आणि तिथून लाँच. पलीकडे जायला दुसरी वाट होती, नाही असं नाही. पण ती वेल्ह्याच्या अंगाने सगळ्या डोंगराला वळसा घालून जायची आणि पावसाळ्यात तिचा निम्मा भाग ओढ्यात असायचा. त्यामुळे वाडीतलं जे काही होतं, दूध, खताच्या गोण्या, गॅसच्या टाक्या, शेरडं, नव्या नवऱ्या, आजारी म्हातारी माणसं आणि मी, ते सगळं आक्कांच्या हातून जायचं-यायचं.

लाँच पंचायतीची. आधी ती आक्कांचे मालक चालवायचे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. आक्का दोर फेकायच्या, माणसं बसवायच्या, पाणी उपसायच्या. एका पावसाळ्यात आण्णांचं डावं अंग गेलं आणि आक्का चाकाला उभ्या राहिल्या. बाईमाणूस लाँच चालवणार म्हणून वाडीत कुरकुर झाली. मग त्या रीतसर परीक्षा देऊन परवाना घेऊन आल्या आणि कुरकुर थांबली. परवान्यामुळे थांबली असं मला वाटत नाही. त्या पाण्यावर लाँच चालवायला दुसरं कोणी तयारच नव्हतं.

त्याला कारण वारं. पश्चिमेच्या डोंगररांगेत एक खिंड आहे. कोकणातून चढून आलेलं वारं त्या खिंडीतून आत शिरलं की थेट आमच्या पाण्यावर उतरायचं. घाटावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा हलत नसायची आणि मधे पाणी पांढरंफेक झालेलं असायचं. लाँच होती हलकी, सपाट बुडाची. वर ऊन-पावसासाठी पत्र्याचं छप्पर. त्या छपरात वारं भरलं की लाँचचं तोंड धक्क्याकडे आणि ती निघाली भलतीकडे. आक्कांनी चाक हातात घेतल्यावर पहिलं काम केलं ते हे की आषाढ लागायच्या आत छप्पर काढून टाकलं. लोक भिजायला लागले, बोंब झाली. "भिजल्यालं वाळतं," आक्का म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते ज्याचं त्याला कळलं.

उन्हाळ्यात निराळीच तऱ्हा. पाणी खाली उतरायचं आणि धक्का त्याच्या मागे मागे गाळात जायचा. आज जिथे लाँच लागली तिथे पुढच्या आठवड्यात भेगाळलेली माती. पाण्याखाली गेलेल्या झाडांचे खुंट वर यायचे आणि त्यात लाँचचा पंखा अडकायचा. आक्का दर उन्हाळ्यात गुडघाभर गाळात उतरून प्रत्येक खुंटाला दोर बांधायच्या आणि दोराच्या टोकाला रिकामा तेलाचा डबा. पाणी चढलं की डबे वर तरंगायचे. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, कुणाचा तरी संसार वाहून चाललाय.

अंगाने त्या रुंद, उंचीला बेताच्या. नऊवारी पोटरीपर्यंत ओढलेली, पाय अनवाणी. आवाज असा, की या काठावरून हाक मारली तर पलीकडची म्हैस मान वर करायची. आणि वजनाचा संकोच त्यांना ठाऊक नव्हता. "पाटलीणबाई, तुमी उजव्या अंगाला बसा, तुमच्यासमोर ह्ये दोघं बसत्यात. शेरडं मधी. बाई, तुमी कुठंबी बसा, तुमच्यानं काय फरक पडत न्हाई." मला पहिल्यांदा राग आला होता. पुढे तर माझं वजन वाढलं की त्यांनी माझी जागा बदलल्यावरूनच मी ते ओळखायला लागले.

लाँचवर असताना त्या वाऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. त्याला 'पाव्हणं' म्हणायच्या. "पाव्हणं उटलं." "पाव्हणं आज रागात हाय." निघायच्या आधी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या, पदराचं टोक चिमटीत धरायच्या आणि खिंडीकडे बघत राहायच्या. किती वेळ, ते त्यांच्यावर. कुणी हटकलेलं चालायचं नाही.

माझ्या पहिल्याच दिवशी त्या अशा उभ्या राहिल्या आणि परत येऊन इंजिनाचं हँडल कमरेला खोचून खाली बसल्या. आभाळ स्वच्छ होतं, पाणी आरशासारखं. मी नवी, हजर व्हायची घाई. म्हटलं, "मावशी, निघायचं ना?"

"पाव्हणं खिंडीत आलंय."

मला काही समजेना. बाकीचे मात्र निवांत झाले. एकाने तंबाखूची पिशवी सोडली, एक बाई गवार मोडायला बसली. मी चिडून एसटीकडे परत निघाले होते. रस्त्याला लागते न लागते तोच पाठीमागे असा आवाज झाला, जसं कोणी मोठं कापड टराटरा फाडतंय. वळून बघितलं तर सगळं पाणी खिंडीच्या बाजूने पांढरं होत होत आमच्याकडे येत होतं. धक्क्याला बांधलेली लाँच दावं तोडणाऱ्या वासरासारखी झटके द्यायला लागली. मी परत येऊन त्या गवार मोडणाऱ्या बाईशेजारी बसले आणि तिने मूठभर शेंगा माझ्याही पदरात टाकल्या.

आक्का एवढ्या कडक का, ते मला आण्णांनी सांगितलं. धक्क्याजवळ त्यांची बाज असायची. जीभ जड झाली होती, पण बोलायची हौस होती.

"तवा लाँच न्हवती. व्हडी व्हती, वल्ह्याची. बाजाराचा दिस. हिची धाकटी भईन हितं ऱ्हायाला आल्याली, ती निघाली व्हडीत बसून. जाऊ का नगं जाऊ करत व्हती. हिनंच तिला घाई क्येली. म्हनली, जा बिगीबिगी, परतायला उशीर व्हईल." आण्णा थांबले. लांबवर आक्का लाँचमधलं पाणी उपसत होत्या. "मधीच व्हडी पालथी झाली. समद्यांनला काढलं. तिला न्हाई काढता आलं. ही हितंच हुबी व्हती."

आक्कांच्या तोंडून मी हे कधीही ऐकलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्यांच्या हट्टाची खरी ताकद मी बघितली ती सुरेखाच्या लग्नात. सुरेखा त्यांची एकुलती मुलगी. तिला वाडीतच दिली होती, माझ्या एका विद्यार्थिनीच्या थोरल्या भावाला. लग्न मुलीकडे, म्हणजे अलीकडच्या काठावर. वऱ्हाड पलीकडून यायचं. ते आणायला दुसरं कोण जाणार? नवरीची आई स्वतः लाँच घेऊन आली. अंगावर लग्नाचं लुगडं, नाकात नथ, आणि पाय तसेच अनवाणी. मी वऱ्हाडाबरोबर होते.

आक्कांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की ऊन चढायच्या आत निघायचं. पण वऱ्हाडच ते. देवदर्शन, नवरदेवाचा फेटा, बँडवाल्यांचा चहा, रुसलेले एक मामा. सगळे धक्क्यावर आले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती आणि वैशाखातलं वारं उठलं होतं.

आक्का टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक चिमटीत धरलं. परत आल्या आणि हँडल कमरेला खोचलं.

"न्हाई निघायचं."

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग रुसलेले मामा पुढे झाले. "अवं विहीनबाई, पोरगी तुमची हाय! मुहूर्त चाललाय!"

"चालू द्या."

"तिकडं मांडव वाट बगतोय."

"बगू द्या. मांडव कुठं जात न्हाई."

मांडवातून मोबाईलवर फोन यायला लागले. आक्कांच्या दिरांचा आवाज फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. वयनी, भटजी निघालेत, माणसं जेवायची खोळंबलीत, आमची अब्रू काढता का. आक्कांनी ऐकून घेतलं, "व्हय व्हय" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. मामांचा पारा चढला. ते म्हणाले, हे स्थळच चुकलं, आईच अशी तर मुलगी कशी असेल. लग्न मोडतंय की काय, असं मला वाटून गेलं. बँडवाले वाद्यं खाली ठेवून एकमेकांकडे बघत होते.

आक्का उठल्या आणि सरळ नवरदेवासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो बिचारा मुंडावळ्या सावरत दगडावर बसला होता.

"तुमाला बायकू पायजे का मुहूर्त?"

त्याने एकदा मामांकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. मग म्हणाला, "बायको."

"मंग बसा निवांत."

आणि त्या स्वतः वऱ्हाडाकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसल्या. दुपारभर बसल्या. मी बाजूने त्यांचा चेहरा बघत होते. नथीखालचे ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. पुसायला त्यांनी हातही उचलला नाही. एकुलत्या मुलीचा मुहूर्त त्या काठावर जाताना त्या या काठावरून बघत होत्या.

सूर्य डोंगराकडे झुकला तेव्हा वारं पडलं. आक्कांनी वजनं बघून माणसं बसवली, मामांना मधे शेरडांच्या जागेवर, आणि दोन खेपांत सगळं वऱ्हाड सुखरूप उतरवलं. भटजींना कोणीतरी परत आणलं होतं. दिवेलागणीला अक्षता पडल्या.

पुढे सुरेखा वाडीत नांदायला आल्यावर मी तिला एकदा विचारलं, त्या दिवशी तुला काय वाटलं गं? ती म्हणाली, "मांडवातली सगळी त्या लाटा बघून घाबरली व्हती बाई. कोन म्हनायचं निघाली असंल लाँच, कोन म्हनायचं बुडाली असंल. मी एकटी गप व्हते. म्हनलं, आई हाय तिकडं. ती कुनालाच हलू द्यायची न्हाई."

हा नियम आक्कांनी मोडलेला मी एकदाच बघितला.

आषाढ होता. दिवसभर वारं थांबलं नव्हतं. लाँच सकाळी कशीबशी आली होती ती वाडीच्या काठालाच अडकून पडली होती आणि आक्का शाळेच्या ओसरीत बसल्या होत्या. दुपारी दोघं जण बाज घेऊन पळत आले. बाजेवर वाडीतली शांता. दिवस भरायला अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त थांबत नव्हतं. बरोबर तिची सासू. ती येऊन आक्कांच्या पायाशी बसली.

आक्का बाजेपाशी गेल्या. शांताच्या कपाळावर हात ठेवला, घोंगडं बाजूला करून बघितलं. मग बाहेर जाऊन खिंडीकडे बघितलं. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, साळंत तांदूळ किती हाय?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पोषण आहाराची पोती नुकतीच आली होती. मी म्हटलं, "आहेत की. पण का?"

"समदी काढा. लाँचच्या बुडात टाकायची. हलकं व्हडकं पाव्हण्याला गावतं. जड करू."

पोती लाँचच्या तळाशी पसरली. त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर शांता. आक्कांनी सासूला बसवलं, शांताच्या नवऱ्याला पाणी उपसायला घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी तिचं डोस्कं मांडीवर घ्या." मी येते असं मी म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं मात्र सुचलंच नाही.

त्या सरळ पलीकडे गेल्याच नाहीत. काठाकाठाने, डोंगराच्या आडोशाने, उलट्या दिशेला, खिंडीकडेच निघाल्या. वर पाण्याचा पट्टा अरुंद होतो तिथपर्यंत. मला वाटलं, यांना कळतंय ना कुठे चाललोय? डोंगराची सोंड संपली आणि आडोसा सुटला. पहिली लाट माझ्या तोंडावर फुटली. त्यानंतर मला एकसंध असं काही आठवत नाही. शांताचं गार कपाळ आठवतं. तिच्या नवऱ्याच्या डब्याचा खड् खड् आवाज आठवतो. आणि आक्का आठवतात. चाकाला छाती लावून उभ्या, पदर कधीचा उडून गळ्याभोवती गुंडाळलेला, केस मोकळे. प्रत्येक लाटेला लाँचचं नाक त्या थोडं वर, थोडं बाजूला, असं देत होत्या, जसं अडून बसलेल्या बैलाला कोणी चुचकारत न्यावं. इंजिन एकदा ठसकलं. आक्कांनी नुसती टाच इंजिनाच्या पेटीवर आपटली. ते पुन्हा चालू झालं ते टाचेमुळे की आपोआप, देव जाणे.

पलीकडच्या काठाला लागलो, आडोसा धरून खाली धक्क्यापर्यंत आलो. तिथे फोन करून बोलावलेली जीप उभी होती. शांताला उतरवलं, सासू-नवरा गेले. मी मागे वळून बघितलं तर आक्का अजून चाकापाशीच.

"आक्का, उतरा ना."

"बोटं सुटंनात बाई."

मी जवळ गेले. त्यांची बोटं चाकावर अशी आवळली होती की एकेक उलगडून काढावं लागलं. गार पडली होती, लाकडासारखी. ती माझ्या हातात धरून मी चोळत राहिले.

"लई भ्याले," त्या म्हणाल्या.

चोळता चोळता मी विचारलं, "पोरीच्या लग्नाला नाही निघालात आक्का. मग आज?"

"लगीन थांबतंय. ज्येला थांबता येतंय त्येनं थांबायचं." त्यांनी हात सोडवून घेतला आणि केस बांधायला लागल्या. "प्वाटातलं कुठं थांबतंय?"

शांताला भोरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी जगल्या. तांदूळ भिजला होता; उघडीप मिळाल्यावर सगळ्या वाडीने तो शाळेच्या पटांगणात वाळवला आणि पाखरं हाकायला पोरं बसवली. त्या भाताला थोडा डिझेलचा वास यायचा. कुणी तक्रार केली नाही.

नंतर रस्ता झाला. पाण्याच्या कडेकडेने, डोंगर फोडून, थेट वाडीपर्यंत. पहिली एसटी आली तेव्हा आक्कांनी स्वतः तिच्यापुढे नारळ वाढवला. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. "वाईट कशाचं?" त्या म्हणाल्या. "आता पाव्हणं आलं काय, गेलं काय. कुनी माज्या तोंडाकडं बगत बसायचं न्हाई." लाँच वर ओढून पालथी घातली. आण्णा त्याच वर्षी गेले.

मी वाडीला एसटीने जायला लागले. आक्कांना मात्र एसटी लागायची. दोन वळणांत उलटी. त्यामुळे लेकीकडे जायचं तर त्या लहान होडी घेऊन, वल्ही मारत जायच्या, वारं नसलेली सकाळ बघून. असं मी ऐकून होते. बघितलं एकदाच. त्यानंतर माझी बदली भोंगवलीला झाली.

थंडीतली सकाळ होती. गाडीत दूधवाले, शाळेतली पोरं, गाठोडी घेतलेल्या बाया. वळणावर आलो आणि खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं, "आक्का."

खाली पाण्यावर होडी. डोक्यावर पदर, वाकून वल्ही मारणारी ती रुंद पाठ. पाणी गुळगुळीत होतं. ड्रायव्हरने गाडी हळू केली. पोरं खिडक्यांना चिकटली. मग खिंडीच्या बाजूला पाण्यावर एक काळी रेघ उमटली आणि रुंद होत सरकायला लागली. थंडीत सहसा असं होत नाही.

आक्कांना ते आमच्या आधी कळलं असणार. होडीचं तोंड आधीच वळलं होतं. वाडीकडे नाही, डोंगराच्या सोंडेकडे. ड्रायव्हर आमच्या भागातला नव्हता, नवाच होता. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. कंडक्टर दाराची कडी काढून पायरीवर उभा राहिला. पाण्यावर पांढरं उमटलं. होडी त्यात वर दिसायची, खाली जायची. एका दूधवाल्याने किटलीवरचा हात काढून छातीवर ठेवला होता. होडी सोंडेआड गेली.

आम्ही बघत राहिलो. पलीकडे पाणी आणि गवत, दुसरं काही नाही. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी हॉर्न वाजव म्हटलं नाही.

मग सोंडेच्या दुसऱ्या अंगाने, काठाला अगदी चिकटून, होडीचं टोक बाहेर आलं. आक्का पाण्यात उतरल्या. होडी वर ओढली, दगडाला बांधली, लुगड्याचा ओचा पिळला. आतलं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं आणि लेकीच्या घराच्या वाटेला लागल्या. वर रस्त्यावर एक अख्खी एसटी उभी आहे, हे त्यांनी बघितलंच नाही.

"लागली काठाला," एक म्हातारी हळूच म्हणाली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली.